दर महिन्याला गायब होणारा बुद्धिबळाचा डेटाबेस: कुठे शोधायचा, कसा सांभाळायचा

बडोद्यात दांडिया बाजारात आमचा रविवारचा बुद्धिबळाचा वर्ग चालतो. शिकवायला दुसरे सर आहेत. माझ्याकडे वर्गातले दोन संगणक, आणि त्यांच्यासोबत न मागता आलेले सगळ्या पालकांच्या घरचे लॅपटॉप. मुलं निम्मी मराठी, निम्मी गुजराती, पण तक्रार एकाच शब्दात येते: "सर, डेटाबेस उडाला." डेटाबेस म्हणजे साठवलेल्या डावांचा संगणकातला संग्रह.

"उडाला" या शब्दावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. फाइल खरोखर नष्ट झालेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. बहुतेक वेळा ती डिस्कवर कुठेतरी निवांत पडलेली असते आणि प्रोग्रॅम तिला जुन्या पत्त्यावर शोधत असतो. फक्त एका प्रकरणात फाइल खरंच जात होती, दर महिन्याला जात होती, आणि तिच्या जाण्याला माझाच सल्ला कारणीभूत होता.

आमच्याच गल्लीत एक निवृत्त काका राहतात. तरुणपणी स्पर्धा खेळायचे. तेव्हाच्या डावांच्या वह्या त्यांनी अजून जपून ठेवल्या आहेत, खाकी कव्हर घातलेल्या. बरेचसे डाव जुन्या इंग्रजी पद्धतीने लिहिलेले, म्हणजे ज्याला आपण आज ई४ म्हणतो ते तिथे "पी-के४". फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९८१पासून फक्त ई४सारखी बीजगणिती नोंद ग्राह्य धरली. त्याआधीच्या वह्या आजच्या मुलांना दाखवल्या तर ती म्हणतात, हे काय, रसायनशास्त्र आहे का? काळ्याच्या चाली त्या पद्धतीत काळ्याच्या बाजूने मोजायच्या असतात, त्यामुळे प्रत्येक घर मनात उलटं करावं लागतं. काका रोज दुपारी दोन डाव असे उलटे-सुलटे करत फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये भरायचे. म्हणजे एकेका डावामागे अर्धा-पाऊण तासाची मेहनत.

पहिला फोन आला तेव्हा मी घाईत होतो. "अरे, दिवाळीपासूनचं सगळं गेलं रे."

"काका, बॅकअप आहे का कुठे?"

"दिवाळीला नातू आला होता, त्याने पुण्याला नेलंय काहीतरी."

"मग त्याला सांगा मेलवर पाठवायला. उघडा आणि पुढे सुरू करा."

नातवाने झिप पाठवली, काकांनी उघडली, दिवाळीनंतरचे डाव वहीतून परत भरले. महिन्याभराने परत तेच. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मी घरी गेलो तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "हा कारो-कान सुरुवातीचा डाव मी चौथ्यांदा टाइप करतोय. आता वही लागत नाही." तेव्हा मला लाज वाटली आणि मी खुर्ची ओढून बसलो. कारण सापडलं, ते पुढे सांगतो. आधी शोधायचं कसं ते.

सगळ्यात पहिलं म्हणजे काहीही करू नका. प्रोग्रॅम काढून परत टाकू नका, डिस्क साफ करू नका, आणि त्याच नावाचा नवा डेटाबेस तर अजिबात बनवू नका. डेटाबेस दिसत नाही म्हटल्यावर लोक हमखास हे तिसरं करतात, आणि कधीकधी नवी रिकामी फाइल जुन्या भरलेल्या फाइलवर बसते. प्रोग्रॅम बंद करा आणि नेमकं काय दिसतंय ते कागदावर लिहा. "फाइल सापडत नाही" हा एक आजार, "उघडतो पण रिकामा" हा दुसरा, "उघडतो पण डाव कमी" हा तिसरा आणि "सेव्ह होत नाही" हा चौथा. चौघांवर एकच औषध चालत नाही. फोनवर मला सगळे "उडाला" एवढंच सांगतात, आणि निम्मा वेळ हे वेगळं करण्यात जातो.

मग फाइलींची शेपटं उघडी करा. विंडोज मुळात फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं एक्स्टेन्शन लपवून ठेवतं. त्यामुळे फोल्डरमध्ये एकाच नावाच्या सात-आठ फाइली दिसतात आणि माणसाला वाटतं, कुणीतरी कॉपी करून कचरा केलाय. विंडोज ११मध्ये फोल्डरच्या वरच्या पट्टीत व्ह्यू, त्यात शो, त्यात "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर टिक करा; तिथेच "हिडन आयटम्स" वरही करा. हे केलं नाही तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे. एका मुलीची पीजीएन, म्हणजे डाव साध्या मजकुरात ठेवणारी फाइल प्रोग्रॅमच्या यादीत येतच नव्हती. शेपूट उघडं केल्यावर दिसलं की नोटपॅडमधून सेव्ह करताना ती पीजीएन-टिंब-टीएक्सटी झाली होती. नाव बदललं, दोन सेकंदांचं काम.

आता शोध. डॉक्युमेंट्समध्ये चेसबेस नावाचा फोल्डर असतो, चेसबेस (डावांचे डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि फ्रिट्झ दोघांचा संसार बहुधा तिथेच. यंत्राशी खेळलेले डाव तुम्ही सेव्ह केले नसले तरी फ्रिट्झ ते स्वतःहून ऑटोसेव्ह नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवत असतो, तो याच फोल्डरच्या पोटात कॉम्पबेस नावाच्या उपफोल्डरात बघा. कितीतरी मुलांचा "उडालेला" डाव मला तिथे मिळाला आहे. तिथे नसेल तर संपूर्ण डिस्क शोधा. विंडोजचा स्वतःचा शोध लपवलेल्या फोल्डरांत सहसा डोकावत नाही, म्हणून मी एव्हरीथिंग नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर वापरतो. ते डिस्कची फाइलयादीच थेट वाचतं, त्यामुळे नाव टाइप करता करता उत्तर समोर येतं. तिथे डेटाबेसचं नाव टाकू नका, कारण नाव कुणालाच नीट आठवत नसतं. सीबीएच (हे चेसबेसचं) किंवा पीजीएन हे एक्स्टेन्शन टाका आणि यादी तारखेने लावा. शेवटचं काम ज्या दिवशी केलं, त्या तारखेची फाइल वर आली की काम झालं.

एक जुनी जागा मात्र लोकांना सुचत नाही. काही जुने ३२-बिट प्रोग्रॅम आपल्या फाइली प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्येच लिहू पाहतात. विंडोज तिथे लिहू देत नाही, पण प्रोग्रॅमला नाहीही म्हणत नाही; गुपचूप ती फाइल तुमच्या वापरकर्त्याच्या अॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात ठेवून देतं. प्रोग्रॅमला वाटतं फाइल इथे आहे, तुम्ही एक्सप्लोररमधून बघता तर तिथे काही नाही. त्याच संगणकावर भावाच्या लॉगिनने उघडलं की डेटाबेस रिकामा, कारण प्रत्येकाचा व्हर्च्युअलस्टोअर वेगळा. "ताईच्या लॉगिनमध्ये दिसतं, माझ्यात नाही" अशी तक्रार आली की मी आधी तिथेच जातो.

प्रोग्रॅमच्या खिडकीत दिसणारं डेटाबेसचं चिन्ह म्हणजे डेटाबेस नव्हे, हे मुलांना समजवायला मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचा दाखला देतो. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ते ग्रंथालय उभं केलं; पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, म्हणून मुलांना ते लक्षात राहतं. ग्रंथालयात तालिकेचं कार्ड एका खणात आणि पुस्तक वेगळ्याच मजल्यावर. कार्ड हरवलं तर पुस्तक जळत नाही. पुस्तक दुसऱ्या कपाटात हलवलं आणि कार्डावरचा क्रमांक तोच राहिला, तर शिपाई रिकाम्या जागेसमोर उभा राहून "नाही" म्हणणार. प्रोग्रॅमही तसाच. चिन्ह म्हणजे कार्ड. ते काढलं तरी फाइल राहते. मात्र त्याच मेनूत डिलीटही असतं, आणि ते कार्डासकट पुस्तक फाडतं, तेव्हा विचारणारी पाटी वाचल्याशिवाय होय म्हणू नका. पत्ता बघायचा तर चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. हे दोन क्लिक मी काकांकडे पहिल्याच दिवशी केले असते तर पुढचे कारो-कान वाचले असते.

हाच दाखला पुढे नेला की फाइलींचं कुटुंबही कळतं. चेसबेसचा नेहमीचा डेटाबेस एक फाइल नसतो. सीबीएच ही तालिका: कोण विरुद्ध कोण, निकाल, साल. खऱ्या चाली आणि पर्याय सीबीजीमध्ये, टिपा सीबीएमध्ये, खेळाडूंची नावं सीबीपीमध्ये, स्पर्धा सीबीटीमध्ये, आणखी काही लहानसहान. नाव सगळ्यांचं एक, शेपूट वेगळं. पेन ड्राइव्हवर नेताना मुलं डबल क्लिकने उघडणारी तेवढी सीबीएच उचलतात, म्हणजे तालिकेचा खण घरी नेला आणि पुस्तकं ग्रंथालयातच. मग "सर, फाइल करप्ट आहे." करप्ट काही नाही, कुटुंब फुटलं आहे. मूळ संगणकावर जा आणि त्या नावाच्या सगळ्या फाइली आणा.

सगळ्यात सोपं म्हणजे प्रोग्रॅमच्या आतूनच बॅकअप घ्या. चेसबेसमध्ये डेटाबेसच्या चिन्हावर उभं राहून कंट्रोल-झेड दाबलं की सगळं कुटुंब सीबीव्ही नावाच्या एका गाठोड्यात बांधून मिळतं. कुणाला काही पाठवायचं तर हे गाठोडं पाठवा. आणि चेसबेस १७पासून २सीबीएच नावाचा नवा प्रकार आला आहे, तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. वर्गातल्या एका संगणकावर जुनी आवृत्ती असल्यामुळे हा घोळ आमच्याकडे दर सत्रात एकदा होतो. नव्यावर बसून जुन्या प्रकारात कॉपी करून द्यायची, झालं.

स्किड हा डेटाबेसचा दुसरा, फुकट प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचं कुटुंब लहान, तीनच जण: एसआय४, एसजी४, एसएन४. नव्या स्किडमध्ये शेवटचा आकडा पाच. तिघांपैकी एक राहिला तरी डेटाबेस उघडत नाही. पण स्किडमधली खरी रडारड वेगळीच असते, तिचं नाव क्लिपबेस. तो फक्त स्मरणात असतो, डिस्कवर नसतो. प्रोग्रॅम बंद केला की संपला. एका मुलाने सुट्टीत त्यात नायडॉर्फ या सुरुवातीचे चाळीस डाव निवडून ठेवले होते, आणि रात्री आईने लॅपटॉप बंद केला. यावर उपाय नाही, मी प्रयत्न केला आहे. क्लिपबेसमध्ये वेचा, पण उठायच्या आधी खऱ्या डेटाबेसमध्ये ओता. स्किडच्याच भाऊबंदात, स्किड व्हर्सेस पीसीमध्ये, पीजीएन थेट उघडता येते पण ती फक्त वाचण्यापुरती. त्यात टिपा लिहायच्या तर आधी नवा डेटाबेस बनवून त्यात आयात करावी लागते. "सेव्हचं बटण फिकट दिसतंय" याचं कारण नव्वद टक्के हेच. उरलेलं कारण फाइलवरचा रीड-ओन्ली शिक्का. जुन्या सीडी-डीव्हीडीवरून कॉपी केलेल्या फाइली कधीकधी तो शिक्का घेऊन येतात. फोल्डर निवडून प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टिक काढा.

डेटाबेस खरंच रिकामा आहे की नुसता तसा दिसतोय हे ओळखायची एक युक्ती मला फार आवडते. सीबीएच तालिकेत प्रत्येक डावाला बरोबर ४६ बाइट लागतात, डाव दहा चालींचा असो की शंभर. तेव्हा सीबीएच फाइलवर राइट क्लिक करून आकार बाइटमध्ये बघा आणि ४६ने भागा. ४ लाख ६० हजार बाइट म्हणजे दहा हजारांच्या आसपास डाव. प्रोग्रॅम शून्य दाखवतोय आणि भागाकार दहा हजार येतोय, तर डाव आहेत, वर गाळणी लागली आहे किंवा बाकीचं कुटुंब गहाळ आहे. भागाकारच शून्याजवळ आला तर ती नवी रिकामी फाइल आहे. खरी कुठेतरी दुसरीकडे आहे, शोध चालू ठेवा.

आता काका. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "काका, मी काही हात लावत नाही. तुम्ही नेहमी करता तसं करा." त्यांनी चष्मा पुसला, मेल उघडली, नातवाची झिप उतरवली, तिच्यावर डबल क्लिक केलं. झिप उघडणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरची खिडकी आली, तिच्यात वहीच्या नावाची पीजीएन दिसली. काकांनी तिच्यावर डबल क्लिक केलं, फ्रिट्झ उघडला, डाव समोर. सगळं सुरळीत! काकू आतून चहा घेऊन आल्या तोवर त्यांनी एक डाव भरून सेव्हसुद्धा केला. मी तेव्हा पत्ता बघितला आणि त्यात एक शब्द दिसला: टेम्प.

झिपच्या आतली फाइल थेट उघडली की ती आधी तात्पुरत्या फोल्डरात काढली जाते आणि प्रोग्रॅमच्या हाती ती तात्पुरती प्रत लागते. काका पुढचा महिनाभर फ्रिट्झच्या "अलीकडच्या फाइली" मधून तीच उघडायचे. रोज उघडायची, रोज सेव्ह व्हायची, शंका यायचं कारणच नाही. झिपची खिडकी बंद करताना एक इंग्रजी प्रश्न यायचा, फाइल बदलली आहे, झिपमध्ये अद्ययावत करायची का? काका दरवेळी "नो" दाबायचे. का, विचारलं तर म्हणाले, "अनोळखी प्रश्नाला नाहीच म्हणावं." बँकेच्या फोनला हे धोरण उत्तम आहे.

आणि महिन्याने काय व्हायचं? लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता तेव्हा दुकानदाराने विंडोजचं स्टोरेज सेन्स चालू करून "दर महिन्याला" वर ठेवलं होतं. तात्पुरत्या फाइली झाडून काढणं हे त्याचं कामच. तो महिन्याने यायचा, टेम्प झाडायचा, काकांची वही त्यात जायची. मग मी सांगायचो, "नातवाला सांगा झिप पाठवायला," आणि चक्र पुन्हा सुरू. झाडूवाल्याची चूक नाही, काकांची तर नाहीच. कचऱ्याच्या डब्यात वही ठेवायला मीच शिकवत होतो.

उपाय किरकोळ होता. झिपवर राइट क्लिक, "एक्स्ट्रॅक्ट ऑल", डॉक्युमेंट्समध्ये "वह्या" नावाचा फोल्डर. त्यातली पीजीएन नव्या सीबीएच डेटाबेसमध्ये ओतली, चिन्ह मोठं करून पहिल्या जागी ठेवलं, आणि अलीकडच्या फाइलींची यादी पुसून टाकली, म्हणजे सवयीने हात तिकडे जाऊ नये. व्हॉट्सअॅपच्या डेस्कटॉप खिडकीतून किंवा मेलमधून थेट उघडलेल्या फाइलीलाही हाच धोका आहे. आधी सेव्ह अॅज, मग उघडा. आणि झिपच्या आत सीबीएच कुटुंब असेल तर थेट डबल क्लिकने फक्त ती एक फाइल बाहेर येते, भावंडं आतच राहतात. वर सांगितलेला "करप्ट" निघण्याचा हा दुसरा रस्ता.

"डाव कमी दिसतात" या तक्रारीत पीजीएन असेल तर मी नोटपॅड उघडतो. पीजीएन म्हणजे साधा मजकूर; स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३-९४मध्ये हे प्रमाण बांधलं तेच मुळी माणसाला आणि यंत्राला दोघांना वाचता यावं म्हणून. टिप्पणी महिरपी कंसात असते. कुणी हाताने टीप लिहिताना कंस उघडला आणि बंद करायला विसरलं, तर पुढचा बंद कंस येईपर्यंतचा सगळा मजकूर त्या टिपेच्या पोटात जातो, मधले डावसुद्धा. आमच्या एका सत्राच्या फाइलीत तीनशे डाव असताना एकशे बाराच दिसत होते. एकशे बारावा डाव नोटपॅडमध्ये काढला, सतराव्या चालीपाशी "घोडा इथे का नाही?" अशी टीप होती आणि तिचा कंस उघडाच. एक चिन्ह टाकलं, एकशे अठ्ठ्याऐंशी डाव परत आले. शोधायची रीत हीच: जो शेवटचा डाव धड दिसतो, दोष त्याच्यात किंवा त्याच्या लगेच नंतर.

टिपा देवनागरीत लिहिणाऱ्यांना आणखी एक त्रास. जुन्या पीजीएन प्रमाणात फक्त युरोपीय लिपीची अक्षरं धरली होती, म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये आपल्या टिपेच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. नोटपॅडमधून सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. एकदा का प्रश्नचिन्हं सेव्ह झाली की मूळ अक्षरं परत येत नाहीत, त्यामुळे माळ दिसली की सेव्ह न करता बाहेर पडा.

शोधूनही खेळाडू सापडत नाही, तेव्हा फाइल ठीक असते आणि घोळ नावात असतो. यात आपण भारतीय लोक पहिल्या पटावर. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पाश्चात्त्य तक्त्यात आडनाव, स्वल्पविराम, नाव. आपला नाशिकचा विदित गुजराथी कुठे "विदित, संतोष गुजराथी" असतो, कुठे "गुजराथी, विदित संतोष". तमिळ किंवा तेलुगू नावांत तर आद्याक्षराचं काय करायचं हेच ठरत नाही, म्हणून गुकेश कधी "गुकेश डी", कधी "डोम्मराजु, गुकेश". गुजराथी शोधलंत तर निम्मे डाव मिळणार. अशा वेळी दोन्ही रूपांनी शोधा, किंवा फाइलीत फिडे क्रमांक दिला असेल तर त्याने. आनंदचा ५०००१७ असा घिसडघाईने उतरवू नका, तो सात अंकी आहे, ५००००१७. स्वतःच्या डेटाबेसमध्ये मात्र एकच रूप ठरवा आणि पहिल्या दिवसापासून पाळा. नंतर चारशे डावांत नावं दुरुस्त करणं म्हणजे पापड लाटण्याइतकं सोपं दिसतं आणि तेवढंच पाठीला लागतं.

मोठे संदर्भ डेटाबेस आणि स्वतःचे डाव एका जागी मिसळू नका, हे मी मुलांना हात जोडून सांगतो. मार्क क्राउदर १९९४पासून द वीक इन चेस चालवतात, दर आठवड्याची फाइल फुकट मिळते. पोरं ती सरळ स्वतःच्या डेटाबेसमध्ये ओततात. मग दुहेरी डाव काढायचा हुकूम चालवतात, आणि दोन सारख्या डावांतला नेमका स्वतःच्या टिपांचा डाव काढला जायची भीती. तो हुकूम संदर्भाच्या डेटाबेसवर चालवा, स्वतःच्यावर कधीच नको. दिलासा एवढाच की काढलेला डाव लगेच जात नाही, त्यावर फक्त खूण होते. जोवर "काढलेले डाव हटवा" किंवा स्किडमधलं "कॉम्पॅक्ट" चालवलं नाही, तोवर खूण पुसून तो परत आणता येतो.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या मासिक फाइली उतरवायचा मोह शाळकरी पोरांना फार. त्यात महिन्याला कोट्यवधी डाव, दाबलेली फाइलच कित्येक जीबीची, उघडली की त्याच्या अनेकपट. एकाने ती पेन ड्राइव्हवर टाकायचा तीन दिवस प्रयत्न केला आणि मग ड्राइव्ह खराब म्हणून जाहीर केला. ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा होता. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसतच नाही, जागा कितीही मोकळी असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की बसते. पण चौदाशे रेटिंगच्या मुलाला ते कोट्यवधी डाव कशाला हवेत, हा प्रश्न मी त्याच्या बाबांना विचारला. उत्तर आलं नाही.

क्लाउडबद्दल माझं मत जरा कडक आहे. चालू डेटाबेस क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. सात-आठ फाइलींचं कुटुंब एकेक करून वर चढतं. मधेच नेट गेलं, किंवा दोन संगणकांवर एकदम उघडलं, की तालिका आजची आणि चाली कालच्या अशी अवस्था होते. अशा डेटाबेसला प्रोग्रॅमचं तपासणीचं साधन कधी सुधारतं, कधी नाही. शिवाय जागा वाचवायला फाइल फक्त ऑनलाइन ठेवलेली असते, आणि स्पर्धेच्या हॉटेलात नेट नसतं. क्लाउडवर गाठोडं ठेवा, सीबीव्ही, नावात तारीख घालून. एकाच नावावर रोज चढवलेलं गाठोडं निरुपयोगी, कारण बिघडलेला डेटाबेसही त्याच नावाने जुन्या चांगल्यावर बसतो. आणि महिन्यातून एकदा एखादं गाठोडं वेगळ्या फोल्डरात सोडून, एक डाव उघडून बघा.

काकांचं आता बरं चाललंय. सुरसागर तलावाला फेरी मारून आले की ते "वह्या" फोल्डर उघडतात, तारखेचं गाठोडं बांधतात, पुण्याला पाठवतात. मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन आला. मला वाटलं, परत उडालं.

"अरे, तू सांगितलंस तसा भागाकार करून बघितला. फाइल १८,९९८ बाइटची. सेहेचाळीसने भागलं तर ४१३ येतात. माझे डाव ४१२च आहेत. वहीशी दोनदा ताडून पाहिलं. हा जास्तीचा डाव कुणाचा?"

"कुणाचा नाही, काका. पहिले ४६ बाइट फाइलीच्या स्वतःच्या नोंदीचे असतात. आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा."

"मग हे आधी नाही का सांगायचं?" म्हणाले, आणि फोन ठेवला.